‘एखादी ताकदीची गोळी द्या’ : मेडिकलच्या काउंटरवर व्हिटॅमिनची शंभर वर्षं

मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर ऐकू येणारी काही वाक्यं तुमच्याही कानावरून गेली असतील. “तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या.” “पायाला मुंग्या येतात, शिरांसाठी काही आहे का?” “हिला फार थकवा येतो हो, रक्तवाढीचं द्या काहीतरी.” पुढच्या मिनिटाला स्ट्रिप हातात आणि आपण घराच्या वाटेला. आता जरा आठवून बघा, त्या एका मिनिटात समोरच्या माणसानं तुम्हाला किती प्रश्न विचारले?

बहुतेकांचं उत्तर शून्य असेल. फार तर एक : “दहाची देऊ की पंधराची?”

यात सगळा दोष मेडिकलवाल्याचा आहे असं मला म्हणायचं नाही. व्हिटॅमिन, म्हणजे आपलं जीवनसत्त्व, हे दुकानात आलं कसं, त्याला औषध मानायचं की खाऊ, आणि ते देणाऱ्या माणसाचं काम कायद्यानं काय ठरवलं, या तीन गोष्टींत या शून्याचं कारण आहे. आज तोच इतिहास सांगतो. त्यातला एक मोठा तुकडा आपल्या परळमध्ये घडला आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तेलाची बाटली ते गोळी

व्हिटॅमिन हा शब्दच १९१२ सालचा. लंडनमध्ये काम करणाऱ्या कॅसिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञानं तो तयार केला. त्याआधी जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरला दिसलं होतं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारतात. आजार काहीतरी शरीरात शिरल्यानं होतो, एवढंच तोवर डॉक्टर मानायचे. काहीतरी कमी पडल्यानंही होतो, हे पचायला वेळ लागला.

पण केमिस्टच्या दुकानात व्हिटॅमिन त्याच्याही आधीपासून होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. कॉड माशाच्या यकृताचं तेल एकोणिसाव्या शतकापासून युरोपात औषध म्हणून विकलं जात होतं. मुडदूस झालेल्या मुलांना ते चालतं, हा अनुभव जुना. १९१९ मध्ये मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून तो पक्का केला, आणि १९२२ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी त्या तेलातला गुणकारी घटक ‘ए’ पेक्षा वेगळा असल्याचं दाखवलं. तोच ‘डी’. आपल्याकडे हे तेल परदेशातून यायचं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचा पुरवठा तुटला, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर शार्क माशांच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या भाईबंदांच्या, यकृतापासून तेल काढायला सुरुवात झाली. त्यात ‘ए’ भरपूर असायचं. ज्यांना लहानपणी नाक दाबून ते चमच्यानं पाजलं गेलं, त्यांना वेगळं सांगायला नको.

हे तेल इतकं घाण लागायचं की कुणी हौसेनं प्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मूल वाकड्या पायांचं आहे, म्हणून ते प्यायलं जायचं. म्हणजे आजार, त्याचं नाव आणि औषध हे तिन्ही एकत्र होते.

ही गाठ सुटली ती १९३० च्या दशकात. १९३३ मध्ये राइखस्टाइन यांनी प्रयोगशाळेत व्हिटॅमिन सी बनवण्याची पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीनं ते बाजारात आणलं. १९३६ मध्ये बी-१ ही तयार करता येऊ लागलं. आता कारखान्यात व्हिटॅमिन किलोच्या हिशेबात बनू लागलं. पण स्कर्व्हीचे रुग्ण तेव्हा युरोपात उरले होते किती? फार थोडे. मग एवढा माल घेणार कोण? धडधाकट माणसं. त्यांना आजार नव्हता, पण थकवा होता, उत्साह कमी होता, सर्दी होत होती. थकवा कुणाला नसतो? माझ्या मते काउंटरवरचा प्रश्न इथेच पहिल्यांदा हरवला. स्कर्व्हीवरचं औषध द्यायचं तर स्कर्व्ही आहे का हे बघावं लागतं. उत्साहाची गोळी द्यायला काय बघायचं?

परळची गोष्ट

त्याच सुमाराला मुंबईत याच्या अगदी उलट प्रकारचं काम चाललं होतं. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांना एक भयंकर प्रकारचा अ‍ॅनिमिया होत होता. रक्तातल्या लाल पेशी आकारानं मोठ्या, संख्येनं कमी, आणि बाळंतपणात बाया दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी या बाया काय खातात हे नोंदवायला सुरुवात केली. तोच आहार त्यांनी उंदरांना देऊन पाहिला, मग माकडांना. आणि यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारतं हे त्यांना सापडलं. तो अर्क म्हणजे मार्माइट, बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, ब्रेडला लावून खायचा एक स्वस्त पदार्थ. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

यातली खरी चतुराई पुढे आहे. ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’ नावाचा जवळजवळ असाच दिसणारा आजार तेव्हा माहीत होता. त्यावर प्राण्याचं यकृत खायला द्यायचं, हा उपाय १९२६ मध्ये सापडला होता. विल्स यांच्या लक्षात आलं, की यकृताचा शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशियस अ‍ॅनिमियात उत्तम चालतो, तो या बायांना लागू पडत नाही. मार्माइट मात्र पडतं. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली सारखंच दिसत होतं, तरी कमतरता दोन वेगवेगळ्या होत्या.

विल्स यांच्या अर्कातलं ते द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं, आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या चमूनं ते कृत्रिमरीत्या तयार केलं. दुसरं द्रव्य, यकृतातलं, १९४८ मध्ये लाल स्फटिकांच्या रूपात हाती आलं. तेच बी-१२.

मधली ती दोन-तीन वर्षं मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहेत. फॉलिक अ‍ॅसिड मिळत होतं, बी-१२ अजून नव्हतं. डॉक्टरांनी पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या रुग्णांनाही फॉलिक अ‍ॅसिड देऊन पाहिलं. हिमोग्लोबिन वाढलं, चेहऱ्यावर तजेला आला, सगळे खूश. आणि मग काही रुग्णांचे पाय बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला. रक्त सुधारलं होतं. मज्जारज्जूची झीज आत चालूच होती, काहींत ती वाढली होती. बी-१२ ची कमतरता फॉलिक अ‍ॅसिडनं झाकली गेली होती. अमेरिकेत १९६० च्या दशकात फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर मर्यादा आली, त्यामागे हाच अनुभव होता.

आता वरचं वाक्य पुन्हा वाचा : “रक्तवाढीचं द्या काहीतरी.” मागणारी बाई शाकाहारी आहे का, तिच्या पायांना मुंग्या येतात का, हे न विचारता लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी महिनोन्‌महिने दिली, तर परळमध्ये जो भेद इतक्या कष्टानं सापडला तो काउंटरवर पुन्हा पुसला जातो. (गरोदर असाल किंवा होण्याच्या विचारात असाल, तर हे वाचून फॉलिक अ‍ॅसिड बंद करू नका. बाळाच्या मणक्याचे दोष त्यानं टळतात हे १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासानं निर्विवाद सिद्ध केलं आहे. प्रश्न सोबत बी-१२ पुरेसं आहे का, एवढाच आहे.)

चिठ्ठी नाही, म्हणून प्रश्न नाही

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. डॉक्टर आत, कंपाउंडर खिडकीशी. बाटली घरून न्यायची, तो त्यात लाल मिक्श्चर भरायचा आणि डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदी पट्टी बाटलीला चिकटवायचा. औषध ‘बनवणं’ हे त्याचं कसब.

त्या काळी देशात औषधांत इतकी भेसळ होती, की १९३० मध्ये सरकारनं लेफ्टनंट कर्नल राम नाथ चोप्रा यांची समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यावं, असं फार्मसी कायदा सांगतो. सुरुवातीच्या नोंदवहीत अनुभवी कंपाउंडरांनाही जागा मिळाली, नाहीतर एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून? व्यवहाराला धरून होतं ते.

पण बघा, कायद्याच्या नजरेसमोर चिठ्ठी होती. फार्मासिस्ट म्हणजे चिठ्ठी आणि रुग्ण यांच्यामधला जाणकार माणूस. चिठ्ठी वाचायची, डोस तपासायचा, दोन औषधांचं भांडण आहे का बघायचं. व्हिटॅमिन तर चिठ्ठीशिवाय येतं आणि चिठ्ठीशिवाय जातं. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्यानं एक मधला वर्ग केला : चिठ्ठी लागत नाही, पण फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच विकायचं. आपल्याकडे असा मधला खण नाही. त्यामुळे विचारण्याची शिस्त चिठ्ठीला बांधली गेली आणि ज्या गोष्टी लोक स्वतःच्या मनानं घेतात, तिथेच विचारणारा उरला नाही.

तयार गोळ्या आल्यावर मिक्श्चर बनवण्याचं काम संपलं. उरलं ते ज्ञान आणि सल्ला. तो सल्ला दुकानाच्या हिशेबात कुठेच बसला नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत. पैसे बाटलीचे मिळतात. औषध कंपन्यांनीही ‘व्हिटॅमिन म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीचा पुरेपूर वापर केला. दुखण्याच्या गोळीत व्हिटॅमिन, झोपेच्या शामक गोळीत व्हिटॅमिन. अशी मिश्रणं सरकारला १९८३ मध्ये बंद करावी लागली.

निरुपद्रवी हा शब्द किती फसवा, हे ब्रिटननं १९५० च्या दशकात पाहिलं. मुडदूस हटवायचा म्हणून बाळांच्या दूध पावडरीत ‘डी’ घातलं होतं, खिमटासारख्या तयार पिठांत घातलं होतं, वर कॉड लिव्हर ऑइलही चालू होतं. प्रत्येक डबा आपापल्या जागी योग्यच होता. बेरीज कुणी केली नव्हती. काही बाळं दूध पिईनात, उलट्या करू लागली, वाढेनात. रक्तात कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेलं होतं. १९५७ मध्ये मात्रा कमी केल्या गेल्या. त्यातल्या काही बाळांमध्ये ‘डी’ नीट जिरवण्याचा जन्मजात दोष असावा, असं आता आपल्याला कळतं, पण तो आधी ओळखायचा कसा?

आज तीच बेरीज आपल्याकडे चुकते. ‘डी’ ची पुडी ६०,००० युनिटची असते आणि ती सहसा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोजची गरज आहे सुमारे ६०० युनिट. म्हणजे आठवड्याची पुडी कुणी रोज घेतली, तर गरजेच्या शंभरपट. माझ्याकडे असे रुग्ण येतात. एक सत्तरीचे गृहस्थ आले होते ते बद्धकोष्ठ, सतत तहान आणि घरच्यांच्या शब्दांत ‘बोलण्यात थोडा घोळ’ यासाठी. पिशवीत पुड्या होत्याच, शिवाय ‘डी’ असलेली कॅल्शियमची गोळी आणि मुलीनं परदेशातून आणलेलं मल्टिव्हिटॅमिन. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणची. क्रिएटिनिन वाढलं होतं. सगळं थांबवून, सलाइन देऊन ते सावरले, पण त्यांना महिना गेला. पुडी देताना “रोज नाही हं आजोबा, दर रविवारी एक” एवढं वाक्य पुरलं असतं.

सांगणाऱ्याचा अधिकार आता कागदावर तरी आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलं आहे : औषध कशासाठी, कसं घ्यायचं, कशाबरोबर नाही, डोस चुकला तर काय. काही तरुण फार्मासिस्ट हे मनापासून करतात, आणि त्यांच्या दुकानात गर्दी असली तरी मी रुग्णांना तिथेच पाठवतो.

तुम्ही काय सांगायचं

ते विचारत नसतील, तर तुम्ही सांगा. आपण मराठी माणसांनी तर पहिल्यांदा काय खातो ते सांगावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं, आणि खेड्यातल्यांपेक्षा शहरी मध्यमवर्गात जास्त. याच गटाच्या पुढच्या कामात असं दिसलं, की गरोदरपणी जिच्यात बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर, तिच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध जास्त आढळतो. परळमधून निघालेला धागा असा पुण्यात येऊन पोचतो.

डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर तेही सांगा. दोन्हींमुळे बी-१२ घटू शकतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम किंवा लोह मागताना ते सांगायलाच हवं, कारण दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर नसेल तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर ‘के’ असलेलं मल्टिव्हिटॅमिन विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात माशाच्या यकृताचं तेल नको, त्यात ‘ए’ जास्त असतं. सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनवाल्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांपासून लांब राहावं : फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात, १९९४ मध्ये, ती घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अभ्यास सुरू केला होता तो कॅन्सर टळावा म्हणून. केसांसाठीच्या गोळ्यांतल्या बायोटिननं थायरॉइडचे आणि हार्ट अटॅकच्या तपासणीचेही रिपोर्ट चुकू शकतात, तेव्हा रक्त देताना लॅबमध्ये सांगा.

बाटली उलटी करून लेबल वाचायची सवय लावा. औषध म्हणून बनवलेल्या व्हिटॅमिनवर औषध परवान्याचा क्रमांक असतो, आणि अन्नाच्या नियमांखाली विकल्या जाणाऱ्या पूरक आहारावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. दुकानात दोन्ही एकाच फळीवर शेजारी असतात. दुसऱ्या प्रकारातली बाटली काही औषध नाही, मग तिच्यावर डॉक्टरच्या कोटातला हसरा फोटो असो वा नसो.

आणि थकवा तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकला असेल, वजन उतरत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर काउंटरच्या आधी दवाखान्यात या. रक्त तपासायचं ते गोळी सुरू करण्याआधी. महिनाभर बी-१२ खाऊन झाल्यावर केलेला रिपोर्ट छान येतो, आणि मुळात कमतरता होती की दुसरंच काही, हे मग आम्हाला सांगता येत नाही.